दोन नोंदींच्या मधला काळ : दवाखान्यातील तापमान, आर्द्रता आणि एक छोटे उपकरण

लहान मुलांच्या दवाखान्यात लशींचा फ्रिज देव्हाऱ्यासारखा सांभाळावा लागतो. सकाळी दवाखाना उघडल्यावर आणि रात्री बंद करताना तापमापीवरील आकडा वहीत लिहावयाचा, हा नियम माझ्याकडेही वर्षानुवर्षे पाळला जात होता. वहीत कधी ४ अंश, कधी ५ अंश. लाल शाईने लिहावे असे काहीच नाही. एका हिवाळ्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने स्वतः जुळविलेले एक उपकरण, "मामा, आठवडाभर राहू दे," असे म्हणून फ्रिजला लावले. आठ दिवसांनी त्याने आलेख काढून दाखविला. दिवसा रेषा ४ आणि ५ अंशांच्या दरम्यान शांतपणे चाललेली होती. पहाटेच्या वेळी मात्र, एक रात्र सोडली तर रोज, ती शून्याच्या खाली उतरत होती.

कारण शोधावयास फार दूर जावे लागले नाही. मे महिन्याच्या काहिलीत फ्रिज पुरेसा गार होत नाही म्हणून थंडावा वाढविण्याचे बटण मीच पुढे सरकविले होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. बटण होते तेथेच राहिले. रात्री दार उघडले जात नाही, खोलीही गार असते. अशा वेळी थंड हवेच्या झरोक्यालगतचा कप्पा गोठणबिंदूच्या खाली जात होता, आणि सकाळी पहिल्या रुग्णासाठी दार उघडेपर्यंत पुन्हा सावरत होता. त्या कप्प्यातील कुप्यांची चाचणी घेतली तेव्हा दोन कुप्यांनी दगा दिला. साठा टाकून दिला. त्या हंगामात ज्या बाळांना त्या कप्प्यातील लस टोचली होती, त्यांच्या पालकांना बोलावून कारण सांगितले आणि डोस पुन्हा दिले. तो आठवडा मला जड गेला. वही खोटी नव्हती. तिने फक्त दिवसातील दोन क्षणांची साक्ष दिली होती.

प्रस्तुत लेख त्या छोट्या उपकरणाविषयी आहे. ते कसे काम करते, त्यावर कितपत विसंबावे आणि सुरतेसारख्या दमट शहरात वैद्यकव्यावसायिकाला त्याचा काय उपयोग, एवढाच त्याचा आवाका आहे.

गोठण्याची खूण बाहेरून दिसत नाही

बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेत ठेवाव्यात, हे आपण सारे जाणतो. आपले लक्ष बहुधा वरच्या मर्यादेकडे असते, कारण वीज जाणे आणि बर्फ वितळणे हे डोळ्यांना दिसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा ज्यांचे फ्रिज बंद पडले त्यांना लस वाया गेली हे सांगण्यासाठी तापमापीची गरज नव्हती.

खालची मर्यादा मात्र मूकपणे ओलांडली जाते. हिपॅटायटिस बी, त्रिगुणी आणि पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल कॉन्जुगेट, एचपीव्ही या लशींमध्ये प्रतिजन ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसविलेले असते. द्रव गोठला की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात; पुन्हा वितळल्यावरही ते मूळ स्थितीत येत नाहीत आणि लशीची शक्ती घटते. कुपीवरील व्हीव्हीएम हा रंग बदलणारा चौकोन उष्णतेची साक्ष देतो, गोठण्याची देत नाही. म्हणजे चौकोन निर्दोष, कुपी स्वच्छ, आणि लस निकामी, असे होऊ शकते.

शंका आल्यास हलवून पाहण्याची चाचणी उपलब्ध आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून वितळू द्यावी, ती आणि शंकास्पद कुपी एकत्र हलवावी, आणि दोन्ही शेजारी ठेवून गाळ बसण्याचा वेग पाहावा. शंकास्पद कुपीतील गाळ गोठविलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने बसला, तर ती वापरू नये. अर्थात ही चाचणी ॲल्युमिनियमयुक्त लशींपुरतीच लागू आहे, आणि ती करावी अशी शंका आधी यावी लागते. शंका येण्यासाठी रात्रीची नोंद हवी. दर पाच मिनिटांनी नोंद घेणारे उपकरण दिवसाकाठी २८८ वेळा फ्रिजकडे पाहते. आपली वही दोनदा.

संवेदक काय मोजतो

संवेदक, म्हणजे बोलताना आपण ज्याला सेन्सर म्हणतो तो, आपल्याला अगदीच परका नाही. काखेत लावावयाच्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाशी थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. हवेचे तापमान मोजणाऱ्या अनेक स्वस्त संवेदकांत हेच तत्त्व वापरलेले असते.

आर्द्रतेचे मोजमाप अधिक रंजक आहे. जिनिव्हाचे सोस्यूर यांनी १७८३ मध्ये मानवी केसाच्या लांबीवरून आर्द्रता मोजणाऱ्या साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. आजच्या संवेदकात केसाची जागा बहुवारिकाच्या एका पातळ थराने घेतली आहे. हा थर दोन विद्युतअग्रांच्या मध्ये असतो आणि हवेतील बाष्प शोषून घेतो. पाण्याचा विद्युतपारक स्थिरांक ८० च्या आसपास, तर कोरड्या थराचा अवघा तीन-चार. त्यामुळे किंचितसे बाष्प शिरले तरी त्या जोडीची विद्युतधारिता मोजता येईल इतकी वाढते. शेजारची चिप त्या बदलाचे आकड्यात रूपांतर करते.

हौशी मंडळींमध्ये चार संवेदक विशेष प्रचलित आहेत. डीएचटी ११ हा निळ्या जाळीचा, सर्वांत स्वस्त; तापमानात २ अंश आणि आर्द्रतेत ५ टक्के इधरउधर होणारा, आणि शून्याखाली न मोजणारा. डीएचटी २२ हा पांढरा; तापमानात अर्ध्या अंशापर्यंत, आर्द्रतेत २ ते ५ टक्क्यांपर्यंत चूक. एसएचटी ३१ याहून अचूक आणि अर्थात महाग. चौथा डीएस१८बी२० फक्त तापमान मोजतो, परंतु पोलादी नळीत बंद केलेला मिळतो आणि उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अर्ध्या अंशाइतका विश्वसनीय असतो. ज्या फ्रिजमध्ये २ आणि ८ या दोन्ही कडा सांभाळावयाच्या आहेत, तेथे २ अंशांची चूक करणारा डीएचटी ११ उपयोगाचा नाही. फ्रिजसाठी पोलादी नळीतील संवेदक घ्यावा आणि खोलीच्या हवेसाठी डीएचटी २२ किंवा एसएचटी ३१.

जोडणी आणि संभाषण

संवेदकाचे बोलणे ऐकून ते नोंदविणारा घटक म्हणजे मायक्रोकंट्रोलर. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ मध्ये, रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स सोपे व्हावे म्हणून आर्डुइनो नावाचा फलक तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे तो जगभर पसरला. २०१४ पासून ईएसपी८२६६ ही वायफाय असलेली स्वस्त चिप हौशी लोकांच्या हाती आली आणि आकडे थेट मोबाइलवर पाहणे शक्य झाले.

डीएचटी २२ ला तीनच तारा लागतात : वीज, भूमी आणि माहिती. माहितीची तार आणि वीज यांच्यामध्ये सुमारे १० किलोओहमचा एक रोधक जोडावा. तयार पट्टीवर बसविलेल्या संवेदकात तो बहुधा आधीच असतो. फलक माहितीची तार क्षणभर खाली खेचतो, म्हणजे जणू दारावर टकटक करतो. संवेदक प्रतिसाद देऊन ४० द्विमान अंक पाठवितो. विद्युतदाब सुमारे २७ मायक्रोसेकंद वर राहिला तर तो शून्य, सुमारे ७० मायक्रोसेकंद राहिला तर एक. पहिले १६ अंक आर्द्रतेचे, पुढचे १६ तापमानाचे आणि शेवटचे ८ पडताळ्याचे. ७०३ हा पूर्णांक आला तर आर्द्रता ७०.३ टक्के. पडताळा म्हणजे बिलाच्या तळाशी असलेली बेरीज. ती जुळली नाही तर तो वाचा टाकून द्यावयाचा. दोन वाचांमध्ये किमान दोन सेकंद थांबावे लागते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडताळा जुळला याचा अर्थ आकडा वाटेत बिघडला नाही, इतकाच. आकडा मुळात खरा आहे, याची हमी तो देत नाही.

फ्रिजसाठी फलक बाहेर ठेवून फक्त संवेदकाची बारीक तार दाराच्या रबराखालून आत न्यावी. संवेदकाचे टोक ग्लायकॉल किंवा वाळू भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवावे. उघडा संवेदक हवा मोजतो, आणि हवा दार उघडताच बदलते; बाटलीतील संवेदक कुपीतील द्रवाच्या अधिक जवळचे तापमान सांगतो. तारखेसह नोंद हवी असल्यास घड्याळाची वेगळी चिप आणि साठवणीसाठी मेमरी कार्ड जोडावे, कारण साध्या आर्डुइनोला दिनांक ठाऊक नसतो. वीज गेल्यावरही नोंद चालू राहावी म्हणून बॅटरीची सोय हवी. मात्र काही पॉवर बँक फारच कमी प्रवाह ओढला गेला की आपोआप बंद होतात, हे आधी तपासून पाहावे. डीएस१८बी२० कडून बरोबर ८५ अंश किंवा उणे १२७ अंश असा आकडा आला तर फ्रिज पेटला किंवा गोठला असे समजू नये. पहिला आकडा मोजणी होण्याआधी चिपमध्ये असलेला प्रारंभीचा, तर दुसरा सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये तार सुटल्याचा संकेत आहे.

आकडा खरा कशावरून?

रक्तदाबमापक तपासून घेतल्याशिवाय आपण त्याच्या आधारे औषध सुरू करीत नाही. हाच दंडक येथेही लावावा, विशेषतः बाजारात नकली संवेदक भरपूर असताना. सुदैवाने दोन चाचण्या स्वयंपाकघरातील वस्तूंनी होतात.

तापमानासाठी बर्फ. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये भरावा, वर थोडे गार पाणी घालून लगदा करावा, आणि पोलादी नळी मध्यभागी राहील अशी धरून ढवळत राहावे. काही मिनिटांत आकडा शून्याशी स्थिरावला पाहिजे. तो ०.४ दाखवीत असेल, तर प्रत्येक नोंदीतून ०.४ वजा करावे. दीड-दोन अंशांचे अंतर असेल, तर संवेदकच बदलावा.

आर्द्रतेसाठी मीठ. झाकणाच्या हवाबंद डब्यात वाटीभर मीठ घेऊन त्यावर थोडे पाणी घालावे. मीठ चिंब भिजावे, पण विरघळून जाऊ नये. मिठाला स्पर्श होणार नाही अशा रीतीने संवेदक डब्यात टांगावा आणि तापमान स्थिर असलेल्या जागी डबा रात्रभर ठेवावा. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना सुमारे ७५ टक्के असते आणि तापमान बदलले तरी ती फारशी हलत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड वापरल्यास ३३ टक्क्यांचा दुसरा बिंदू मिळतो. दोन्ही बिंदू जुळले, तर मधल्या आकड्यांवर भरवसा ठेवावयास हरकत नाही.

संवेदक कोठे टांगला यालाही महत्त्व आहे. उन्हाच्या तिरिपेत, पंख्याखाली किंवा फलकाच्या उबेजवळ तो खोलीचे नव्हे, त्या जागेचे तापमान सांगतो. ३० अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेत संवेदक स्वतः एक अंशाने तापला, तर आर्द्रता ६६ टक्क्यांच्या आसपास दिसेल. दवाखान्यात आणखी एक सावधगिरी : स्पिरिट आणि सॅनिटायझर यांची वाफ बहुवारिकाच्या थरात शिरून मोजमाप बिघडविते. ड्रेसिंगच्या टेबलापासून संवेदक दूर असावा. पावसाळ्यात महिनोन् महिने दमट हवेत राहिल्यावरही आकडा सरकतो. म्हणून मिठाची चाचणी दर वर्षी करावी.

खानदेशचा उन्हाळा आणि सुरतेचा

हा संवेदक खोलीत टांगला की वैद्यकाच्या दृष्टीने दुसरा विषय सुरू होतो. सुरतेतील मराठी वस्तीत धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. "आमच्याकडे ४२ अंश असते, इथल्या ३५ अंशांचे काय एवढे?" असे लिंबायत-उधन्याकडील रुग्ण सहज म्हणतात. त्यांच्या बोलण्यात अनुभव आहे. मात्र एकट्या तापमानाच्या आकड्याने त्यांची फसवणूक केलेली असते.

डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. उकळत्या पाण्याहूनही तप्त अशा कोरड्या खोलीत ते काही मिनिटे सुखरूप राहू शकले. त्याच खोलीत मांस शिजत होते. घामाच्या बाष्पीभवनाने शरीर तगले. पुढे १९०५ मध्ये जे. एस. हाल्डेन यांनी कॉर्नवॉलच्या खाणींतील निरीक्षणांवरून दाखविले की, मर्यादा कोरड्या तापमानाने नव्हे तर ओल्या गोळ्याच्या तापमानाने ठरते. स्थिर हवेत ते ३१ अंशांच्या पुढे गेले की शरीराचे तापमान चढू लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात निरोगी तरुणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही दमट हवेतील मर्यादा जवळजवळ तेवढीच आढळली. त्यापूर्वी सैद्धांतिक मर्यादा म्हणून ३५ अंश सांगितले जात असे.

ओल्या गोळ्याचे तापमान म्हणजे बाष्पीभवनाने एखादी ओली वस्तू जितकी गार होऊ शकते ती सीमा. तापमान आणि सापेक्ष आर्द्रता एकाच वेळी मिळाली, तर सूत्राने ते काढता येते. मायक्रोकंट्रोलरला हे गणित क्षणाचे काम आहे. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता, या जळगावच्या कोरड्या दुपारीसारख्या हवेत ते सुमारे २४ अंश येते. ३५ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेत ते सुमारे ३० अंश. म्हणजे दुसऱ्या हवेत घाम गळतो, पण वाळत नाही. याचा अर्थ कोरडा उन्हाळा निर्धोक असा मात्र मुळीच नाही. तेथे पाणी आणि क्षार कमी पडून माणूस कोसळतो, आणि कोरड्या उष्णतेत ही मर्यादा ३१ च्याही बरीच खाली येते.

"एकाच वेळी" हे शब्द येथे कळीचे आहेत. वर्तमानपत्रात "कमाल तापमान ३५, आर्द्रता ९० टक्के" असे वाचून अनेकजण दोन्ही आकडे एकत्र जोडतात. ९० टक्के बहुधा पहाटेचे असतात, ३५ अंश दुपारचे. पहाटे २६ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेली हवा, बाष्प तेवढेच राहून, दुपारी ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या हवेचे ओल्या गोळ्याचे तापमान सुमारे साडेसत्तावीस अंश. ३५ आणि ९० हे आकडे चुकून जोडले, तर उत्तर साडेतेहेतीस येते. सहा अंशांची ही चूक म्हणजे जिवाला धोका आहे की नाही, एवढा फरक.

उलट दिशेनेही चूक होते. वेधशाळेचे आकडे मोकळ्या, सावलीतील हवेचे असतात. पत्र्याच्या छताखालील यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा एकाच खिडकीच्या खोलीत, जेथे स्वयंपाकही होतो आणि तान्हे बाळही झोपते, हवा याहून वाईट असू शकते. घामोळ्या, वारंवार उलटणारा नायटा, निर्जलीकरण, ताप येऊन न उतरणारे अर्भक : अशा रुग्णाच्या घरी दोन दिवस असा संवेदक ठेवला, तर इतिहासात न सांगितले गेलेले बरेच काही कळते. दवाखान्यातही ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने पट्ट्या बिघडतात, आणि दोष रुग्णाच्या पथ्याला दिला जातो.

मर्यादा

घरी जुळविलेले उपकरण हे प्रमाणित उपकरणाला पर्याय नव्हे, हे स्पष्टपणे सांगावयास हवे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बर्फाच्या अस्तराचे खास फ्रिज असतात, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ई-विन या व्यवस्थेत शीतसाखळीच्या ठिकाणांचे तापमान संवेदकांद्वारे मध्यवर्ती संगणकावर पाहिले जाते. खासगी दवाखान्याने शक्य असेल तर लशींसाठी बनविलेला फ्रिज आणि प्रमाणपत्रासह येणारा तापमाननोंदक घ्यावा. हे छोटे उपकरण त्या दोहोंशेजारचा राखणदार आहे. जेथे आजही घरगुती फ्रिज वापरला जातो, तेथे तर राखणदाराची गरज अधिकच.

आणि राखणदार कितीही जागा राहिला तरी त्याचे ऐकणारा कोणी हवा. माझ्याकडे आता रोज सकाळी परिचारिका मागील रात्रीचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा वहीत लिहितात व सही करतात. २ च्या खाली किंवा ८ च्या वर काही दिसल्यास लस टोचण्याआधी मला सांगतात. थंडावा कमीजास्त करण्याच्या बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटविली आहे. तिच्यावर होळी आणि दिवाळी या दोन सणांची नावे लिहिली आहेत. त्या दोन दिवशी बटण तपासावयाचे, आणि त्यानंतरचे तीन दिवस आलेख पाहावयाचा.

आपल्या मंडळातील ज्या सभासदांकडे लशी ठेवल्या जातात, त्यांनी निदान एक आठवडा, तोही थंडीतला, आपल्या फ्रिजची रात्र कशी जाते हे मोजून पाहावे, एवढीच विनंती. बहुतेकांची रेषा सरळ निघेल. ज्यांची निघणार नाही, त्यांच्याकडील बाळांसाठी तो आठवडा कारणी लागेल.